गुग्गुळातील औषधी द्रव्य : शोध, परीक्षण आणि झाडाची जपणूक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जयेंद्रगंजापासून उत्तरेस सुमारे ४० किलोमीटर गेले की मुरैना लागते आणि त्यापलीकडे चंबळ नदीच्या घळींचा प्रदेश सुरू होतो. पावसाच्या पाण्याने कातरलेल्या या कोरड्या जमिनीत फार थोड्या वनस्पती तग धरून राहतात. गुग्गुळ ही त्यांपैकी एक होय. दौलतराव शिंदे यांच्या सैन्याचा तळ १८१० मध्ये येथे पडला आणि त्यातून लष्कर हे शहर वसले. तेव्हापासून या भागात नांदत आलेल्या मराठी कुटुंबांना योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ ही नावे महाराष्ट्रातील कुटुंबांइतकीच परिचयाची आहेत. परंतु या गोळ्यांतील मुख्य द्रव्य आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील एका काटेरी झुडपातून निघते आणि ते झुडूप आज नामशेष होण्याच्या मार्गावर आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते.

वनस्पतीतील औषधी द्रव्य कसे वेगळे केले जाते, त्याची ओळख कशी पटवितात, त्याचे प्रमाण कसे मोजतात आणि या ज्ञानाचा उपयोग झाड राखण्यासाठी कसा करता येईल, याची माहिती गुग्गुळाच्या उदाहरणावरून प्रस्तुत लेखात दिली आहे.

वनस्पतीची ओळख

गुग्गुळाचे शास्त्रीय नाव कॉमिफोरा विग्टी असे आहे. जुन्या ग्रंथांत ते कॉमिफोरा मुकुल या नावानेही आढळते. राजस्थान, गुजरातेतील कच्छ व सौराष्ट्र, मध्य प्रदेशातील चंबळ खोरे आणि सरहद्दीपलीकडील सिंध या शुष्क प्रदेशांत ही वनस्पती मुख्यतः आढळते. झुडपाची उंची साधारणतः दोन ते तीन मीटर असते. फांद्या वाकड्यातिकड्या असून त्यांच्या टोकांशी काटे असतात. साल कागदासारख्या पातळ पापुद्र्यांनी सुटते. पाने लहान असून ती वर्षातील बराच काळ गळालेली असतात. त्यामुळे अनोळखी माणसास हे झुडूप वाळलेले सरपणच वाटते.

सालीला खाच पाडली असता तीतून पिवळसर चीक पाझरतो व हवेत घट्ट होतो. हाच बाजारातील गुग्गुळ. तो निव्वळ डिंक नव्हे अथवा निव्वळ राळही नव्हे. डिंक, राळ व थोडे सुगंधी तेल यांचे ते मिश्रण असते. डिंक पाण्यात मिसळतो. राळ पाण्यात विरघळत नाही, परंतु मद्यार्कासारख्या द्रवांत विरघळते. पुढील सर्व प्रक्रिया या एका भेदावर आधारलेली आहे.

झुडूप सावकाश वाढते. चीक काढण्याजोगे होण्यास त्याला साधारणतः आठ ते दहा वर्षे लागतात आणि एका झुडपापासून एका हंगामात मिळणारा गुग्गुळ काही शे ग्रॅम एवढाच असतो. हे प्रमाण वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण झाडावरील संकटाचे मूळ त्यातच आहे.

प्राचीन वचनापासून प्रयोगशाळेपर्यंत

मेदोरोगावर गुग्गुळ द्यावा, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. या वचनाचा आधुनिक रीतीने पडताळा घेण्याचे काम डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात केले. त्यांचा प्रबंध १९६६ मध्ये पूर्ण झाला. सशांच्या आहारात जाणीवपूर्वक स्निग्ध पदार्थ वाढवून त्यांच्या रक्तातील मेदद्रव्ये वाढविण्यात आली आणि गुग्गुळ दिल्यावर त्यांत घट होते काय, हे पाहण्यात आले. तशी घट आढळून आली. डॉ. सत्यवती पुढे १९९० च्या दशकात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या महासंचालक झाल्या.

गुग्गुळात गुण आहे, एवढे या प्रयोगाने दिसून आले. पण तो गुण त्यातील कोणत्या घटकाचा, हा प्रश्न उरला. गुग्गुळात अनेक संयुगे एकत्र असतात. त्यांपैकी काही उपयुक्त, काही निरुपयोगी व काही त्रासदायक असू शकतात. ती वेगवेगळी केल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुखदेव व त्यांचे सहकारी व्ही. डी. पाटील आणि यू. आर. नायक यांनी हे काम हाती घेतले. गुग्गुळातील स्टेरॉइड वर्गाच्या संयुगांविषयीचा त्यांचा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. ई-गुग्गुलस्टेरॉन व झेड-गुग्गुलस्टेरॉन ही त्यांतील दोन महत्त्वाची संयुगे होत.

द्रव्य वेगळे करण्याची रीत

ही रीत वैद्यकपरंपरेला अगदीच परकी नाही. आयुर्वेदात गुग्गुळ वापरण्यापूर्वी त्याचे शोधन करतात. गुग्गुळाची पुरचुंडी फडक्यात बांधून ती त्रिफळ्याच्या काढ्यात लोंबती ठेवतात व काढा तापवितात. गुग्गुळ फडक्यातून झिरपून काढ्यात उतरतो; माती, साल, काड्या फडक्यातच राहतात. यास दोलायंत्र म्हणतात. द्रवाच्या साहाय्याने हवे ते उतरवून घेणे आणि नको ते मागे ठेवणे, हे तत्त्व त्यात आहेच. आधुनिक रसायनशास्त्राने द्रवाची निवड अधिक काटेकोर केली आणि प्रत्येक पायरीवर वजन व परीक्षण यांची जोड दिली. ही प्रक्रिया सर्वसाधारणपणे पुढील टप्प्यांनी होते.

पहिला टप्पा नमुना घेण्याचा. नमुना कोणत्या गावच्या कोणत्या झाडाचा आहे, तो कोणत्या महिन्यात काढला, याची नोंद प्रथम केली जाते. झाडाची फांदी पाने, फुले वा फळे यांसह दाबून व वाळवून जपून ठेवतात, म्हणजे पुढे ओळखीविषयी शंका राहत नाही. ही नोंद नसलेल्या नमुन्याचे पुढील सर्व विश्लेषण व्यर्थ ठरते.

दुसरा टप्पा अर्क काढण्याचा. गुग्गुळातील काडीकचरा वेचून त्याचे बारीक तुकडे करतात व ते इथिल ॲसिटेट या विद्रावकात भिजवितात. राळेचा भाग विद्रावकात उतरतो. कर्बोदकांचा बनलेला डिंक तळाशी राहतो. द्रव गाळून घेऊन कमी दाबाखाली सौम्य उष्णतेवर उडवून लावला की दाट, चिकट अर्क उरतो. दाब कमी ठेवण्याचे कारण असे की, त्यामुळे विद्रावक कमी तापमानाला उडून जातो व नाजूक संयुगे जळत नाहीत. रक्तातील मेद उतरविण्याचा गुण या अर्कात आढळला. मागे राहिलेल्या डिंकात तो आढळला नाही.

तिसरा टप्पा अर्काचे भाग पाडण्याचा. अर्कातून आम्लधर्मी व अल्कधर्मी भाग वेगळे काढले असता उदासीन भाग उरतो. त्यातून कीटोन वर्गातील संयुगे निराळी करतात. प्रत्येक भागाची प्राण्यांवर परीक्षा घेण्यात आली, तेव्हा हा गुण या कीटोन भागात असल्याचे दिसून आले. गुण ज्या भागात आढळेल तो भाग पुढे न्यावयाचा व उरलेला बाजूस ठेवावयाचा, हे या शोधाचे सूत्र आहे. सुपातील धान्य पाखडत पाखडत शेवटी दाणा हाती यावा, तसाच हा प्रकार आहे.

चौथा टप्पा शुद्ध संयुगाची ओळख पटविण्याचा. त्यासाठी संयुगाचा वितळणबिंदू, त्याने शोषलेला प्रकाश, त्याचे द्रव्यमान आणि त्यातील अणूंची मांडणी दाखविणारे वर्णपट तपासले जातात. गुग्गुलस्टेरॉनच्या रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे २८ व ऑक्सिजनचे २ अणू असतात. ई व झेड या दोन प्रकारांत अणूंची संख्या तीच असते. केवळ एका ठिकाणची मांडणी उलटसुलट असते.

वर्णलेखन आणि शाळेतील प्रयोग

मिश्रणातील संयुगे निराळी करण्याचे सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे वर्णलेखन, अर्थात क्रोमॅटोग्राफी. काचेच्या वा धातूच्या पट्टीवर सिलिकाचा पातळ थर देतात. खालच्या कडेजवळ अर्काचा थेंब ठेवून पट्टी विद्रावकात उभी करतात. विद्रावक थरातून वर चढू लागतो व आपल्याबरोबर संयुगांना ओढतो. सिलिकाला घट्ट चिकटणारी संयुगे मागे रेंगाळतात. सैल चिकटणारी पुढे जातात. शुद्ध गुग्गुलस्टेरॉनचा थेंब शेजारी ठेवलेला असल्यास अर्कातील कोणता ठिपका त्याच्या उंचीला येतो, हे पाहून ओळख पटते. प्रमाण मोजण्यासाठी हेच तत्त्व यंत्रात वापरतात. अर्काचे द्रावण सिलिकेने भरलेल्या नळीतून मोठ्या दाबाने पाठवितात आणि बाहेर पडणारे प्रत्येक संयुग अतिनील प्रकाशाच्या साहाय्याने टिपतात.

या तत्त्वाचा परिचय शिक्षकांना वर्गात सहज करून देता येईल. टीपकागदाची लांब पट्टी घ्यावी. तिच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर पाण्यात विरघळणाऱ्या काळ्या स्केचपेनाने ठळक ठिपका द्यावा. ठिपका पाण्याच्या वर राहील अशा रीतीने पट्टीचे टोक पाण्यात बुडवून ती टांगावी. पाणी वर चढत जाईल तसतसा काळ्या रंगातून निळा, तांबडा, पिवळा असे निरनिराळे रंग फुटून निघालेले दिसतील. एकसंध दिसणारी वस्तू अनेक घटकांची बनलेली असू शकते, हा धडा मुलांच्या मनावर ठसविण्यास एवढा प्रयोग पुरेसा आहे. अर्क काढण्याचे खरे विद्रावक मात्र ज्वालाग्राही असतात. त्यांचे प्रयोग घरी अथवा वर्गात करू नयेत.

मोजमापाची आवश्यकता

केवळ अर्काचे वजन पाहून मालाची प्रत ठरविता येत नाही. उदाहरणादाखल, समजा दोन नमुन्यांचे प्रत्येकी १०० ग्रॅम घेतले आणि दोहोंतून ४० ग्रॅम अर्क मिळाला. पहिल्या अर्कात गुग्गुलस्टेरॉनचे प्रमाण २.५ टक्के भरले, तर त्यात १ ग्रॅम द्रव्य आहे. दुसऱ्यात ते ०.५ टक्केच भरले, तर द्रव्य फक्त ०.२ ग्रॅम आहे. दोन्ही माल दिसण्यास सारखे, अर्कही सारखाच. परंतु द्रव्यात पाचपट तफावत. दुसऱ्या नमुन्यात अन्य कोणत्या तरी झाडाची राळ मिसळली असण्याचा संभव असतो.

गुग्गुळात माती, वाळू व साल यांची भेसळ होते. तशीच साळईच्या डिंकाचीही होते. साळईचे झाड महाराष्ट्रात विदर्भ व खानदेशातील जंगलांत तसेच ग्वाल्हेरजवळच्या श्योपूर भागात आढळते. त्याच्या डिंकास काही ठिकाणी साळई गुग्गुळ असे म्हणतात. त्याला स्वतःचे औषधी गुण आहेत. परंतु त्यातील संयुगे निराळी असल्याने तो खऱ्या गुग्गुळाच्या जागी चालत नाही. नावातील साम्यामुळे होणारी ही गफलत विश्लेषणाने तत्काळ उघडकीस येते.

भारतीय आयुर्वेदिक भेषजसंहितेने गुग्गुळासाठी मानके ठरवून दिली आहेत. त्यानुसार जाळल्यावर उरणारी राख ५ टक्क्यांहून अधिक असू नये. मद्यार्कात विरघळणारा भाग २७ टक्क्यांहून व पाण्यात विरघळणारा भाग ५३ टक्क्यांहून कमी असू नये. राख अधिक भरल्यास मालात माती वा वाळू आहे, असे समजावे.

यंत्रे उपलब्ध नसलेल्या ठिकाणी माल घेणाऱ्यास परंपरेने चालत आलेल्या खुणांचा प्राथमिक आधार घेता येतो. चांगला गुग्गुळ उन्हात मऊ पडतो, विस्तवावर टाकल्यास जळून सुवास देतो आणि गरम पाण्यात घोटल्यास दुधासारखे पांढरट मिश्रण तयार होते. अंतिम निर्णय अर्थातच प्रयोगशाळेचा मानावा.

औषधाची परीक्षा अद्याप चालू आहे

पुण्यातील शोधानंतर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुग्गुळाच्या प्रमाणित अर्कावर काम केले आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो गुगुलिपिड या नावाने औषध म्हणून भारतीय बाजारात आला. भारतातील चाचण्यांत रक्तातील कोलेस्टेरॉल कमी झाल्याचे आढळले होते. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये गुग्गुलस्टेरॉन शरीरातील कोणत्या ग्राहक रेणूवर कार्य करते, याविषयी शोध प्रसिद्ध केला. परंतु २००३ मध्ये अमेरिकेतच १०३ व्यक्तींवर आठ आठवडे केलेल्या चाचणीत अपेक्षेच्या उलट निष्कर्ष निघाला. गुगुलिपिड घेणाऱ्यांचे अपायकारक कोलेस्टेरॉल कमी न होता ४ ते ५ टक्क्यांनी वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले.

या निष्कर्षाने गुग्गुळाचे महत्त्व संपले असे नव्हे, तसेच जुन्या ग्रंथांचा हवाला देऊन तो नाकारणेही योग्य नव्हे. द्रव्य शुद्ध व प्रमाणित स्वरूपात हाती असल्यामुळेच दोन देशांतील चाचण्यांची तुलना करणे शक्य झाले, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. सर्वसामान्यांनी यातून एवढाच बोध घ्यावा की, गुग्गुळ वैद्याच्या वा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. प्रोप्रॅनोलॉल, डिल्टियाझेम यांसारख्या हृदयविकाराच्या औषधांचे रक्तातील प्रमाण गुगुलिपिडमुळे घटते, असे आढळलेले आहे. अशी औषधे चालू असणाऱ्यांनी विशेष सावधगिरी बाळगावी.

झाडावरील संकट

शोधामुळे मागणी वाढते. परंतु झाड आपल्याच गतीने वाढते. अधिक चीक मिळावा म्हणून खोडावर खोल घाव घातले जातात व काही ठिकाणी घावावर उत्तेजक लेप लावले जातात. त्या हंगामात चीक भरपूर येतो, पण झुडूप पुष्कळदा पुन्हा उभे राहत नाही. दहा वर्षांची वाढ एका उन्हाळ्यात संपते. त्यातच चराई, सरपणासाठी तोड आणि घळींचे सपाटीकरण यांची भर पडते. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने गुग्गुळाचा समावेश अतिसंकटग्रस्त जातींत केला आहे. वन्य स्थितीतून नामशेष होण्याच्या आधीची ही शेवटची पायरी होय.

महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. सह्याद्रीतील नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरील औषधांस उपयोगी पडणारे द्रव्य असल्याचे १९७२ मध्येच गोविंदाचारी व विश्वनाथन या भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्यानंतरच्या काळात या द्रव्यासाठी कोकण व घाटमाथ्यावरील नरक्याची मोठ्या प्रमाणावर तोड झाली. ज्या शोधाने रोग्यांना आशा दिली, त्यानेच झाडावर कुऱ्हाड आणली.

काय करता येईल

चीक काढणाऱ्यांनी पूर्ण वाढलेलीच झुडपे निवडावीत. खाच सालीपुरती उथळ ठेवावी. लाकडास इजा होऊ देऊ नये. हिवाळ्यापासून पावसाळ्यापूर्वीपर्यंतच चीक घ्यावा आणि घाव भरून येण्यास झुडपास विश्रांती द्यावी. जमिनीवर गळालेला, माती लागलेला गुग्गुळ वेगळा ठेवावा. तो चांगल्या मालात मिसळल्याने राखेचे प्रमाण वाढते व सर्वच मालाचा भाव उतरतो.

गुग्गुळाची लागवड फांदीच्या कलमांपासून करता येते. या ठिकाणी विश्लेषणाचा उपयोग थेट शेतकऱ्यास होतो. कलमापासून वाढलेले झुडूप गुणांनी मूळ झुडपासारखेच असते. परीक्षणासाठी अगदी थोडा चीक पुरतो. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. ज्या झुडपात द्रव्याचे प्रमाण चांगले आढळेल, त्याची कलमे निवडल्यास आठ वर्षांनी येणारे उत्पन्न कसे असेल, याचा अंदाज आजच बांधता येतो. मात्र एकाच झुडपाची कलमे सर्वत्र लावू नयेत. गुग्गुळाची बहुतेक झाडे मादी असून त्यांत परागीभवनाशिवायही बी धरते, असे अभ्यासात आढळले आहे. त्यामुळे या जातीत मुळातच वैविध्य कमी असण्याचा धोका असतो. निरनिराळ्या ठिकाणची अनेक चांगली झुडपे निवडणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

अधिकाऱ्यांसाठी जैविक विविधता अधिनियम, २००२ हे महत्त्वाचे साधन आहे. त्याखाली स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. आपल्या हद्दीत गुग्गुळाची किती झुडपे आहेत, त्यांपैकी किती चीक काढण्याजोगी आहेत व किती मेली, याची वर्षानुवर्षे नोंद झाल्यास परवानगी देताना अंदाजावर विसंबावे लागणार नाही. शाळांतील विद्यार्थ्यांना या मोजणीत सहज सहभागी करून घेता येईल.

ग्वाल्हेर परिसराची स्थिती या दृष्टीने अनुकूल आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेले जिवाजी विद्यापीठ, आमखो भागातील शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व आयुर्वेद संशोधन संस्था ही ज्ञानकेंद्रे एका बाजूस आणि चंबळेच्या घळींतील झुडपे व ती ओळखणारे गावकरी दुसऱ्या बाजूस, अशी दोन्ही साधने एकाच परिसरात आहेत. गावकऱ्याने नोंदीसह दिलेला नमुना प्रयोगशाळेत पोहोचला आणि तेथील निष्कर्ष परत त्याच गावात आला, तर कोणते झुडूप राखावे व कोणत्याची कलमे करावीत, हे गावास कळेल. गुग्गुळातील द्रव्याचा शोध लागून अर्धशतक उलटून गेले आहे. ते द्रव्य देणारे झुडूप घळीत उभे राहिले, तरच पुढील पिढीच्या वैद्यांस व शास्त्रज्ञांस उरलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधता येतील.